मराठीत जोडून लिहितात

आमच्या गावात शाळेसमोर एक बाक आहे. ओकच्या लाकडाचा, पाठीला रुंद फळी असलेला. त्या फळीवर देवनागरीत एक शब्द कोरलाय आणि तो शब्द खोटा आहे. शुद्धलेखनाची चूक शोधायला जाल तर सापडणार नाही. शिरोरेघ सरळ आहे, जोडाक्षर नेटकं आहे. असणारच, अक्षर माझं आहे.

मला राग येतो आणि तो पटकन जात नाही, हे माझ्या घरच्यांना पाठ आहे. पण या बाकाचा राग वेगळा आहे. तो इथल्या मराठी मंडळावर निघतो, त्याच्या अध्यक्षांवर निघतो, 'जाऊ दे ना यार' म्हणणाऱ्या प्रत्येकावर निघतो, आणि सगळीकडे फिरून परत माझ्याच दारात येऊन बसतो. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

गाव अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनातलं, भारतीयांनी भरलेल्या मॉरिसव्हिलपासून पाऊण तासावरचं. दोन सिग्नल, चार चर्च, ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणारं एक दुकान, आणि तिकडे घर मिळेना म्हणून इकडे आलेली आमच्यासारखी मराठी कुटुंबं. मी अठरा वर्षांपूर्वी आले तेव्हा विमानतळावर आम्हाला घ्यायला एक उंच, ताठ, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ आले होते. आमची त्यांची ओळख नव्हती. "नवीन माणसं येणार म्हणून कळलं जी," एवढंच म्हणाले आणि माझी सर्वांत जड बॅग उचलून चालायला लागले. चालताना डावा पाय किंचित वेगळा पडायचा. पुढे कळलं की सीमेवर बर्फानं त्या पायाची दोन बोटं नेली होती.

हे सुभेदार काका. भारतीय सैन्यात अठ्ठावीस वर्षं काढून निवृत्त झालेले, मूळचे नागपूरकडचे. बायको गेल्यावर मुलीकडे इथे आले. मुलगी हॉस्पिटलच्या फार्मसीत. ती कामावर गेली की हा माणूस दिवसभर रिकामा, आणि रिकामं बसणं त्यांना शिक्षेसारखं वाटायचं. मग लायब्ररीच्या मागच्या खोलीत पाच कुटुंबं जमवून त्यांनी मंडळ सुरू केलं. आम्हा बायकांना गाडी चालवायला त्यांनी शिकवलं. मी पहिल्यांदा हायवेवर गेले तेव्हा शेजारी बसून ते सैन्यातल्या आवाजात ओरडले होते, "ताई, ब्रेक नाही, आरसा! आधी आरसा!" अजूनही लेन बदलताना मला तो आवाज ऐकू येतो. वादळात चार दिवस वीज गेली तेव्हा घरोघरी गॅसची शेगडी घेऊन हेच फिरले. अध्यक्षांचे वडील पुण्याहून भेटीला आले आणि इथेच गेले, तेव्हा फ्युनरल होममध्ये पार्थिवाला आंघोळ कशी घालायची हे कुणाला माहीत नव्हतं. आमच्यातले सगळे पुरुष भिंतीला चिकटून उभे होते. काकांनी बाह्या वर केल्या आणि घातली. तेव्हा कुणी मीटिंग घेतली नव्हती, हे लक्षात ठेवा.

शाळेसमोरचा रस्ता म्हणजे गाड्यांना मोकळं रान होतं. एका सकाळी एका मुलीची सायकल ट्रकखाली गेली. मुलगी वाचली. सगळ्यांनी हळहळ केली आणि विषय संपवला. काका मात्र टाउन हॉलच्या सभेला गेले. तिथे गावातल्या कुणालाही माइकसमोर तीन मिनिटं बोलू देतात. वर्षभर दर महिन्याला काका ब्लेझर घालून जायचे आणि तीच तीन मिनिटं बोलायचे. शाळेसमोर क्रॉसिंग पाहिजे. इंग्रजी त्यांचं कवायतीच्या मैदानावरचं, तुटक, पण समजायला सोपं. शेवटी पांढरे पट्टे आले, दिवा आला. पण मुलांना रस्ता ओलांडून द्यायला माणूस मिळेना. काका म्हणाले, मी आहे ना. त्या दिवसापासून बारा वर्षं, पिवळं जाकीट आणि हातात 'स्टॉप'ची पाटी घेऊन ते रोज सकाळी तिथे उभे राहिले.

पहिल्याच दिवशी एका गोऱ्या मुलीनं त्यांना "गुड मॉर्निंग, सर" म्हटलं. काकांनी टाचा जुळवल्या आणि उत्तर दिलं, "जय भीम."

तिला वाटलं, यांच्या भाषेत गुड मॉर्निंगला असंच म्हणत असतील. तिनं दुसऱ्या दिवशी तसंच म्हटलं. आठवड्यात सगळी शाळा म्हणायला लागली. गोरी, काळी, मेक्सिकन, आपली, झाडून सगळी पोरं रस्ता ओलांडताना ओरडायची, "जे बीम, सार्जंट!" मुख्याध्यापिका खिडकीतून हात हलवत तेच म्हणायच्या. बस ड्रायव्हर म्हणायचा. एकदा गावच्या पोलिसानं मला अडवलं, लायसन्स पाहिलं, माझा चेहरा पाहिला आणि मोठ्या प्रेमानं म्हणाला, "जे बीम, मॅम." मला हसावं की काय करावं ते कळेना.

मी हसले नव्हते, खरं सांगते. मी जरा अवघडले होते. पुण्यात माझ्या घरात हे दोन शब्द रस्त्यावरून ऐकू यायचे, घरात कुणी उच्चारले नव्हते. माझं आडनाव मला कुणी दोनदा विचारलं नाही. पहिल्यांदा ऐकलं की विचारणाऱ्याला हवं ते कळायचं आणि तो खूश व्हायचा. काकांचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून काहीच कळायचं नाही. त्यामुळे मंडळातल्या लोकांचे पहिली काही वर्षं फार हाल झाले. "काका, तुम्ही मूळचे कुठले? नाही, म्हणजे गाव कुठलं? आणि कुलदैवत?" ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, दुसरं काय. काकांना ते भांडं पहिल्या वाक्यातच दिसायचं. ते शांतपणे गावाचं नाव सांगायचे, तालुका सांगायचे, पिनकोडसुद्धा सांगायचे. क्रॉसिंगवरच्या त्या पहिल्या सकाळनंतर गावाची चौकशी एकदम थांबली. हळदीकुंकवाला त्यांच्या मुलीला बोलावणंही त्याच सुमारास थांबलं. कुणी तोंडानं काही बोललं नाही. आम्ही सुशिक्षित माणसं, असलं काही तोंडानं बोलत नाही.

गावातल्या निवृत्त सैनिकांचा एक हॉल आहे, तिथे शनिवारी पॅनकेक असतात. परदेशी सैन्यातल्या माणसाला त्यांच्या नियमात सभासद होता येत नाही. काका तरीही तिथे एकदा गेले. दारात व्हिएतनामला जाऊन आलेला एक म्हातारा बसला होता, सुतारकाम करणारा, हात थरथरणारा. त्यानं विचारलं, "कुठे होतास?" काकांनी सांगितलं. त्यानं खाली काकांच्या डाव्या पायाकडे पाहिलं आणि शेजारची खुर्ची पायानं पुढे ढकलली. त्या खुर्चीवर काका दर शनिवारी बसतात. सभासद नाहीत, कॉफी मात्र तेच करतात. हा सुतार काही देवमाणूस नाही. निवडणुकीच्या वेळी त्याच्या अंगणात ज्या पाट्या असतात त्या पाहून माझं डोकं उठतं. पण 'कुठे होतास' विचारून तो थांबला, 'कुठला आहेस' विचारायला गेला नाही.

एकदा काकांना डॉक्टरकडे सोडायला मी गाडी चालवत होते. मी सहज विचारावं तसं विचारलं, "काका, मुलांना नमस्ते म्हणायला नाही शिकवलंत?" खरं तर ते सहज नव्हतं. काका खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "माझा बाप शाळेत शिकला, ताई. पण व्हरांड्यात बसून. वर्गात जागा असून व्हरांड्यात. पावसाचे थेंब पाटीवर पडायचे, तर पाटी पोटाशी धरायचा. मी वर्गात बसलो, आत. बाकावर. कुणामुळे बसलो? त्याचं नाव मी शाळेच्या दारात नाही घेणार तर कुठे घेणार जी?" मग लगेच म्हणाले, "आरसा बघा, मागे ट्रक आहे."

म्हणजे मला माहीत होतं. मी जे पुढे केलं ते अज्ञानातून केलं नाही.

गेल्या वर्षी काकांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली. डॉक्टरांनी उभं राहायला मनाई केली. त्यांच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी क्रॉसिंगवर दुसरा माणूस आला. पण काका सकाळी घरी बसेनात. घडीची खुर्ची घेऊन रस्त्याच्या कडेला येऊन बसायचे. ते पाहून शाळेनं ठरवलं की तिथे काकांच्या नावानं एक पक्का बाक ठेवायचा. सुतार म्हणाला, बाक मीच करणार, दुसऱ्या कुणी लाकडाला हात लावायचा नाही. मुख्याध्यापिकेनं काकांना विचारलं की बाकावर काय लिहू. रँक लिहू? नाव? मेडल? काका म्हणाले, काही नको. मुलं म्हणतात ते दोन शब्द, आमच्या लिपीत.

आणि अक्षर कुणाचं, असं विचारल्यावर ते म्हणाले, "आमच्या मंडळाच्या सेक्रेटरी ताई आहेत, त्यांचं अक्षर फार सुरेख आहे. त्यांच्याकडून घ्या."

सेक्रेटरी ताई म्हणजे मी.

त्या रात्रीच दोन शब्द लिहून दिले असते तर विषय तिथे संपला असता. पाच मिनिटांचं काम. पण मंडळाचं नाव आलं म्हणून मी कमिटीला सांगायला गेले. अध्यक्षांच्या बेसमेंटमध्ये मीटिंग होती, पंचविसाव्या वर्षाच्या स्मरणिकेची. चहा झाला, बाकरवडी झाली. मी जाता जाता म्हटलं, "अरे हो, काकांच्या बाकावर जय भीम लिहून द्यायचंय."

सगळे एकदम बाकरवडीकडे बघायला लागले.

"मस्तच," अध्यक्ष म्हणाले. "म्हणजे काका डिझर्व्ह करतातच. पण जरा पॉलिटिकल नाही वाटणार?"

"मला पर्सनली काही प्रॉब्लेम नाही," खजिनदार म्हणाला. मी पाहिलंय, प्रॉब्लेम असलेला माणूस वाक्य नेहमी इथूनच सुरू करतो. "पण यार, परमनंट आहे ना ते. शाळेसमोर. उद्या कुणी ट्रान्सलेट केलं तर?"

"इन्क्लुझिव्ह असावं," अध्यक्ष म्हणाले. "सगळ्यांचं वाटलं पाहिजे. नमस्कार कसं आहे? नमस्कारात सगळे आले."

आता मला इतकी उत्तरं सुचतात की रात्री झोप येत नाही. गणपतीत आमच्या स्टेजवर जे बॅनर लागतं त्यावर कुणाचा जय लिहायचा यासाठी आजवर एकदाही मीटिंग झाली नाही. ते इन्क्लुझिव्ह आहे का, असं कुणी बाकरवडीकडे बघत विचारलं नाही. आपल्या तोंडातलं नाव ते संस्कृती आणि दुसऱ्याच्या तोंडातलं ते पॉलिटिक्स. गावातली चारशे अमेरिकन पोरं दोन शब्द रोज आनंदानं ओरडतात, त्यांचा अर्थ माहीत नसताना. आम्हाला अर्थ माहीत होता म्हणूनच आमच्या घशात ते अडकले. आणि काकांना विचारायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. 'त्यांना काय वाटेल' हा प्रश्न त्या खोलीत कुणी काढला नाही, मीसुद्धा नाही. मी मूग गिळून बसले. "ठीक आहे," म्हणाले आणि मिनिट्समध्ये लिहून घेतलं.

घरी येऊन ट्रेसिंग पेपरवर जाड पेनानं मी 'नमस्कार' लिहिलं. चांगलं यावं म्हणून तीनदा लिहिलं. एवढी माझी कर्तव्यनिष्ठा.

सुताराच्या गॅरेजमध्ये तो कागद घेऊन गेले तेव्हा फळी टेबलावर लावलेली होती, रंधा मारून गुळगुळीत केलेली. त्यानं चष्मा लावला, कागद फळीवर ठेवला, बोटानं एकेक वळण गिरवून पाहिलं. त्याला आमच्या लिपीतलं ओ का ठो कळत नव्हतं, पण लाकूड कोरणाऱ्या माणसाला रेघ कळते. बराच वेळ तो त्या वरच्या रेघेकडे बघत राहिला.

"मॅम," तो म्हणाला, "तो रोज सकाळी दोन शब्द म्हणतो. हा एकच दिसतोय. मध्ये जागा कुठे आहे?"

त्या क्षणी मला खरं सांगता आलं असतं. तिथे कमिटी नव्हती, अध्यक्ष नव्हते, बाकरवडी नव्हती. मी होते आणि एक म्हातारा माणूस होता, जो विश्वासानं माझ्याकडे बघत होता, कारण ती लिपी त्याला वाचून दाखवणारी तिथे मीच होते.

"मराठीत जोडून लिहितात," मी म्हणाले.

त्यानं मान डोलावली. त्याला ते आवडलं. "वरून एका रेघेनं सगळ्यांना बांधून ठेवता. छान आहे," म्हणाला. सहा आठवडे तो ते कोरत होता. हात थरथरायचा म्हणून पटाशी दोन्ही हातांनी धरायचा आणि दिवसाला एखादं वळण पुरं करायचा. मधून मधून मला फोटो पाठवायचा, बरोबर आहे का विचारायला. मी कळवायचे, परफेक्ट.

नोव्हेंबरात, व्हेटरन्स डेच्या म्हणजे माजी सैनिकांच्या दिवसाच्या आदल्या शुक्रवारी शाळेची घंटा व्हायच्या आत कार्यक्रम होता. थंडी होती. मुलं कागदी झेंडे घेऊन रस्त्याच्या कडेला उभी. शनिवारचे पॅनकेकवाले म्हातारे टोप्या घालून आले होते. मंडळाची कमिटी पुढच्या रांगेत, झब्बे घालून. काका ब्लेझर घालून आले होते, छातीवर मेडल, हातात काठी. बाकावर एक निळी चादर टाकली होती. मुख्याध्यापिका दोन वाक्यं बोलल्या, मग सुतारानं आणि एका लहान मुलीनं मिळून चादर ओढली. मुख्याध्यापिकेनं फळीकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "सांगा मुलांनो, इथे काय लिहिलंय?"

"जे बीम!" अख्खी शाळा ओरडली.

काका पुढे झाले. काठी डाव्या हातात घेतली, उजव्या हाताची बोटं अक्षरांवरून फिरवली. न. म. तिथे बोटं थांबली. मग शेवटपर्यंत गेली. ते वळले नाहीत. मला फक्त त्यांची पाठ दिसत होती, आणि ती मी अठरा वर्षांत पाहिली होती तशीच ताठ होती.

माझी मुलगी पाचवीत. दर रविवारी मंडळाच्या मराठी शाळेत मी तिला बाराखडी घोटवलीय. इथे जन्मलेल्या मुलांना वाचता आलं पाहिजे, असं मीच सगळ्यांना भाषणात सांगते. ती पुढच्या ओळीत होती. तिनं ओठ हलवत वाचलं आणि मोठ्यानं म्हणाली, "आई, दॅट्स राँग. इट सेज नमस्कार. समबडी मेड अ टायपो."

मी तिला गप्प केलं नाही. सुतारानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. नमस्ते त्याला माहीत होतं, ते तर इंडियन रेस्टॉरंटमध्ये जाणाऱ्या सगळ्यांनाच माहीत असतं, आणि त्यावरून नमस्कार कळायला वेळ लागत नाही.

"टायपो नाही बेटा," काका म्हणाले. मग ते मुलांकडे वळले, टाचा जुळवल्या, उजवा हात कपाळाला नेला आणि परेडच्या आवाजात म्हणाले, "जय भीम!" मुलांनी उत्तर दिलं. काका बाकावर बसले, फळीला पाठ लावून. ती अक्षरं त्यांच्या ब्लेझरमागे गेली.

कमिटीनं टाळ्या वाजवल्या.

गर्दी पांगल्यावर सुतार माझ्यापाशी आला. "मी चुकीचं कोरलं?" त्यानं विचारलं.

"नाही. मी दिलं तेच तुम्ही कोरलं."

"तुम्ही सांगितलंत, जोडून लिहितात."

"हो."

त्यानं एक हात दुसऱ्या हातानं धरून ठेवला होता. "मॅम, माझ्या हातून त्याच्या पाठीमागे तुम्ही खोटं लिहून घेतलंत," एवढं बोलून तो ट्रककडे गेला. मला आजवर कुणी इतकं सरळ बोललेलं नाही, आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

त्याच दुपारी मी काकांकडे गेले. मुलगी कामावर होती. काकांनी स्वतः चहा केला, मी करते म्हटलं तरी ऐकलं नाही. मी सगळं सांगितलं. माफी मागितली. सांगता सांगता मी म्हणाले, "कमिटीत ठरलं, काका. मी एकटीनं नाही..."

"अक्षर तर तुमचं आहे, ताई," ते म्हणाले. रागानं नाही म्हणाले. रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं.

मी सांगितलं की सुताराच्या पाया पडून फळी बदलून घेते, मी आत्ता दोन शब्द लिहून देते. काकांनी कप खाली ठेवला. "नाही जी. काढायची नाही. पोरांना ती लिपी येत नाही, ती म्हणायचं ते म्हणणारच. ज्यांना वाचता येते त्यांच्यासाठी राहू द्या. येता जाता वाचावं त्यांनी. कुणी लिहिलं, काहून लिहिलं, त्यांना माहीत आहे."

पुढच्या मीटिंगला मी भांडले. आवाज चढवून भांडले. अध्यक्षांना म्हटलं की तुमच्या वडिलांना शेवटची आंघोळ घालताना ते हात चालले, त्या हातांनी मागितलेले दोन शब्द चालले नाहीत. अध्यक्षांचे डोळे भरून आले, हेही खरं. मग खजिनदार म्हणाला, "अगं पण काका स्वतःच राहू दे म्हणालेत ना? मग आपण कशाला इश्यू करायचा यार?" आणि सगळ्यांना एकदम हायसं वाटलं. चांगल्या माणसांना हायसं वाटायला किती थोडं पुरतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. स्मरणिकेसाठी मी तोवरची सगळी हकिकत लिहून दिली. ती परत आली. 'टोन थोडा सॉफ्ट कर' असं वर लिहिलं होतं. मी एक शब्दही बदलला नाही आणि त्यांनी एक शब्दही छापला नाही.

एप्रिलमध्ये अध्यक्षांचा फोन आला. स्मरणिकेच्या कव्हरवर काका हवेत, बाकासकट. संस्थापक आहेत, शोभून दिसेल. सेक्रेटरी म्हणून फोटो मी काढायचा. मी राजीनामा खिशात घेऊनच गेले होते, पण हा फोटो दुसऱ्या कुणी काढू नये असंही वाटत होतं.

फोटोसाठी दुपारी आलेले काका नेहमीप्रमाणे बाकाच्या मधोमध बसले होते. कमिटी मागे उभी राहिली. मी फोनमधून पाहिलं. काकांच्या रुंद पाठीमागे अख्खा शब्द झाकला गेला होता, दोन्ही बाजूंना नुसतं लाकूड दिसत होतं.

"काका, थोडं सरका ना," अध्यक्ष मागून म्हणाले. "अक्षरं दिसत नाहीयेत."

"काहून दिसायला पाहिजे?"

"नाही, म्हणजे कव्हरवर छान दिसेल. मराठी आहे ना. थोडंसंच सरका, इकडे."

काकांनी काठी दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये रोवली. "माझ्या बापाला मास्तर हेच म्हणायचे जी. थोडंसं सरक, व्हरांड्यात. मी नाही सरकत."

तेवढ्यात शाळा सुटली. मुलं दारातून बाहेर पडली, दप्तरं आपटत, क्रॉसिंगकडे धावत. सगळ्यांच्या पुढे अध्यक्षांची सात वर्षांची मुलगी होती. बापाला झब्ब्यात पाहून तिला आनंद झाला, पण तिनं हात वर केला तो बाकाकडे बघून, आणि पूर्ण जोरात ओरडली, "जय भीम, आजोबा!"

उच्चार अगदी स्वच्छ होता. घरी मराठी बोलतात ना.

काकांनी बसल्या बसल्या टाचा जुळवल्या आणि उत्तर दिलं. मुलगी मग बापाकडे वळून वाट बघत उभी राहिली, कारण तिच्या शाळेत ते म्हटल्यावर समोरचा माणूस उलट म्हणतो. अध्यक्षांनी आधी खजिनदाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मुलगी थांबलीच होती.

मी फोटो काढला.